कोड बदलला, मेक चालवलं, तरी जुनंच उत्तर येतंय?

तक्रार साधारण अशी असते. सी फाइलमध्ये किंवा हेडरमध्ये बदल केला, सेव्ह केलं, मेक (बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल करून प्रोग्रॅम बांधणारं टूल) चालवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅम सुरू होतो, पण वागतो मात्र कालच्यासारखाच. कधी अर्धा नव्यासारखा, अर्धा जुन्यासारखा. मग शेजारच्या पीसीवरून कुणीतरी सांगतं, "आधी क्लीन मार, मग मेक कर." तसं केलं, म्हणजे आधी बनलेल्या फाइली पुसून सगळं नव्याने बनवलं, की सुरळीत. चार दिवसांनी पुन्हा तेच.

अंधेरी, ऐरोलीच्या ऑफिसांत नुकतीच लागलेली मुलं आणि कॉलेजात प्रोजेक्ट करणारी मुलं यांचा मेसेज बहुतेक याच शब्दांत येतो: "दादा, मेक क्लीन करून चालवलं की बरोबर येतं. मग तसंच चालू ठेवू ना?" ठेवू नकोस. क्लीन मारून जे दुखणं बरं होतं, त्याचा अर्थ मेकफाइलमध्ये (काय कशापासून बनवायचं हे मेकला सांगणाऱ्या फाइलीत) काहीतरी लिहायचं राहिलंय किंवा मशीनचं घड्याळ खोटं बोलतंय. चार फाइलींच्या असाइनमेंटला प्रत्येक वेळी सगळं नव्याने कंपाइल केलं तर काही बिघडत नाही. पण चारशे फाइलींच्या कोडला तेच केलं तर एका ओळीच्या बदलासाठी ताटकळत बसावं लागतं, आणि मग साध्या शेल स्क्रिप्टनं काय घोडं मारलं होतं? मेक आणलं ते याच त्रासातून सुटण्यासाठी.

हे शब्दशः खरं आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. निमित्त झालं त्यांचे सहकारी, याक हे टूल लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन. जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. बग आधीच दुरुस्त झाला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे लिंक होत होती ती जुनीच ऑब्जेक्ट फाइल (सी फाइल कंपाइल होऊन बनलेली .ओ; अशा फाइली जोडून, म्हणजे लिंक करून, प्रोग्रॅम बनतो). म्हणजे तुमची तक्रार आणि मेकच्या जन्माचं कारण एकच आहे. पुढे २००३ मध्ये फेल्डमन यांना मेकसाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

(या पोस्टमध्ये कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

मेकला काय दिसतं, काय दिसत नाही

मेकला सी भाषा कळत नाही. तुमच्या फाइलीत काय लिहिलंय हे ते उघडून बघत नाही, इन्क्लूडच्या ओळी वाचत नाही. त्याला तीन गोष्टी माहीत असतात: टार्गेट (जी फाइल बनवायची ती) कोणतं, ते कशावर अवलंबून आहे, आणि दोन्हींची शेवटची बदलाची वेळ काय. टार्गेट अस्तित्वातच नसेल, किंवा ज्यांवर ते अवलंबून आहे त्यांपैकी एखादी फाइल त्याच्यापेक्षा नवी असेल, तर खालची कमांड चालवायची. नाहीतर "इज अप टू डेट" म्हणून मोकळं व्हायचं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून पिशवी बदलणारा दुकानदार असतो तसं. आतलं दूध नासलंय का, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की दुखणं कुठे असू शकतं ते आपोआप दिसायला लागतं. एक तर अवलंबित्व सांगायचं राहिलं. नाहीतर वेळा चुकीच्या आहेत. नाहीतर जे बदललं ती फाइलच नव्हती, कंपाइलरचे फ्लॅग (कमांडसोबत दिलेले पर्याय) होते. आणि या तिन्हींत काही सापडलं नाही, तर तुम्ही बनवता एक आणि चालवता दुसरंच.

अंदाज बांधण्याआधी मेकलाच विचारा. "मेक -एन" लिहिलं की काहीही प्रत्यक्ष न चालवता ते कोणत्या कमांड चालवणार होतं तेवढं छापतं. तुम्ही बदललेल्या फाइलीचं नाव त्या यादीत नसेल तर प्रश्न मेकफाइलचा किंवा घड्याळाचा आहे. नाव असेल तर मेकला दोष देऊ नका, चूक तुमच्या सी कोडमध्ये शोधा. याच्या पुढची पायरी "मेक --ट्रेस". कोणतं टार्गेट मेकफाइलच्या कितव्या ओळीमुळे आणि कोणत्या फाइलीमुळे पुन्हा बनतंय हे त्यात दिसतं. हा पर्याय जीएनयू मेकच्या ४.० आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये आला. मॅकबुकवर ॲपल अजून ३.८१ ही २००६ ची आवृत्ती देतं, तिथे तो चालणार नाही. होमब्रू या पॅकेज मॅनेजरवरून नवं मेक घ्या, ते "जीमेक" या नावाने बसतं. "मेक -डी" सुद्धा आहे, पण ते इतकं बोलतं की कामाची ओळ शोधताना डोळे दुखतात.

हेडर: दहापैकी आठ वेळा चोर इथेच सापडतो

समजा बेस्टच्या तिकिटांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम आहे. मेन.सी, तिकीट.सी, अहवाल.सी आणि एक हेडर, भाडे.एच. हेडरमध्ये साध्या बसचं किमान भाडं मॅक्रो म्हणून ५ लिहिलंय. मे २०२५ मध्ये बेस्टने किमान भाडं ५ रुपयांवरून १० केलं, म्हणून तुम्ही हेडरमध्ये ५ चे १० केले. सोबत तिकीट.सी मध्ये छपाईची एक ओळही बदलली. मेक चालवलं. तिकिटावर १० रुपये आले, मन शांत झालं. संध्याकाळी अहवाल काढला तर दिवसाचा गल्ला नेमका निम्मा.

कारण मेकफाइलमध्ये असं लिहिलं होतं:

अहवाल.ओ: अहवाल.सी

अहवाल.सी ला कुणी हात लावला नव्हता. भाडे.एच चं नावच त्या ओळीत नाही, म्हणून मेकच्या लेखी अहवाल.ओ ताजी होती. तिच्या पोटात अजून ५ च बसलेले. तिकीट.सी तुम्ही योगायोगाने बदलली होती, म्हणून ती नव्याने कंपाइल झाली आणि तिला १० मिळाले.

मॅक्रो चुकला तर निदान आकडा चुकीचा दिसतो. स्ट्रक्ट बदललं की याहून वाईट होतं. तिकिटाच्या स्ट्रक्टमध्ये मधेच "एसी बस आहे का" असं एक फील्ड घाला. ज्या फाइली नव्याने कंपाइल झाल्या त्या नव्या मांडणीनुसार वाचतात, बाकीच्या जुन्या. दोघी एकाच मेमरीकडे बघतात आणि त्यांना वेगवेगळ्या जागी वेगवेगळी फील्ड दिसतात. लिंकर हे पकडत नाही, कारण ऑब्जेक्ट फाइलींमध्ये त्याला फक्त नावं जुळवायची असतात, स्ट्रक्टची मांडणी नाही. मग कधी कचरा आकडे, कधी सेगमेंटेशन फॉल्ट, आणि डीबगरमध्ये बघाल तर कोड अगदी निर्दोष. अशा वेळी पॉइंटरच्या मागे लागून रात्र घालवणारी माणसं मी पाहिली आहेत.

उपाय म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टसमोर हातानं हेडरची नावं लिहायचा सल्ला जुन्या नोट्समध्ये असतो. तो देऊ नये आणि घेऊही नये. आज बरोबर लिहिलेली यादी पुढच्या महिन्यात चुकीची होते, कारण नवं हेडर इन्क्लूड करताना मेकफाइल कुणाला आठवते? शिवाय हेडर आणखी एखादं हेडर आत ओढतं, ते कुणीच लिहीत नाही.

कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे नेमकं कळतं ते कंपाइलरला, तेव्हा यादी त्यालाच बनवू द्या. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपाइलरना "-एमएमडी" फ्लॅग दिला (सगळी अक्षरं कॅपिटल) की कंपाइल करता करता ते प्रत्येक ऑब्जेक्टच्या शेजारी .डी ची एक फाइल टाकतात. तिच्यात मेकच्याच भाषेत लिहिलेलं असतं की अहवाल.ओ ही अहवाल.सी आणि भाडे.एच वर अवलंबून आहे. सिस्टिमची हेडर त्यात येत नाहीत, त्यामुळे ती फाइल आटोपशीर राहते. मेकफाइलने पुढच्या वेळी ती वाचायची, बस. पूर्ण मेकफाइल एवढीच:

सीसी = जीसीसी
सीफ्लॅग्स = -वॉल -जी -एमएमडी -एमपी
एलडीलिब्स = -एलएम
ओबीजे = मेन.ओ तिकीट.ओ अहवाल.ओ

भाडे: $(ओबीजे)
[टॅब] $(सीसी) -ओ $@ $^ $(एलडीलिब्स)

$(ओबीजे): मेकफाइल

-इन्क्लूड $(ओबीजे:.ओ=.डी)

.फोनी: क्लीन
क्लीन:
[टॅब] आरएम -एफ भाडे $(ओबीजे) $(ओबीजे:.ओ=.डी)

सी वरून ओ बनवण्याचा नियम यात लिहिलेला नाही, कारण तो मेकला आधीपासून येतो. फक्त सीफ्लॅग्स या व्हेरिएबलचं नाव ठरलेलं तेच, सगळं कॅपिटल, असं हवं. त्याऐवजी फ्लॅग्स नावाचं काहीतरी स्वतःचं काढलंत तर अंगभूत नियम त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे "-एमपी" गाळणं. उद्या एखादं हेडर डिलीट केलं किंवा त्याचं नाव बदललं, तर जुन्या .डी फाइलीत त्याचं नाव तसंच राहतं आणि मेक "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून अडून बसतं. -एमपी प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहून ठेवतो, त्यामुळे ही अडवणूक होत नाही. दुसरं, इन्क्लूडची ओळ पहिल्या टार्गेटच्या वर टाकणं. मेक डीफॉल्टने पहिलं टार्गेट बनवतं. पहिल्या वेळी .डी फाइली नसतातच, म्हणून सगळं नीट होतं. दुसऱ्या वेळेपासून पहिलं टार्गेट .डी फाइलीतलं मेन.ओ ठरतं, मेक तेवढंच बनवतं आणि थांबतं. लिंकिंग होतच नाही, आणि पुन्हा तेच, "बदल दिसत नाही." म्हणून इन्क्लूड नेहमी पहिल्या टार्गेटच्या खाली. ओळीच्या सुरुवातीचा डॅशही विसरू नका. त्यामुळे .डी फाइल नसली तरी मेक कुरकुर करत नाही.

तिसरं अगदी साधं आहे पण हमखास घडतं. हे फ्लॅग टाकण्याआधीच्या ऑब्जेक्ट फाइली फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, त्यांच्या .डी फाइली नसतात, म्हणून नवी मेकफाइल लावूनही पहिल्यांदा फरक पडत नाही असं वाटू शकतं. वर "$(ओबीजे): मेकफाइल" ही ओळ आहे ती यासाठीही उपयोगी पडते: मेकफाइल बदलली की सगळ्या ऑब्जेक्ट नव्याने बनतात. ती ओळ नको असेल तर एकदा, फक्त एकदा, क्लीन मारा.

वॉर्निंगमध्ये १९,८०० च्या आसपासचा आकडा दिसतोय?

"क्लॉक स्क्यू डिटेक्टेड. युवर बिल्ड मे बी इनकम्प्लीट." ही वॉर्निंग वाचून पुढे जाणारे लोक माझ्या मते टर्मिनलच्या शेवटच्या ओळीपलीकडे काही वाचतच नाहीत. तिच्या वर आणखी एक ओळ असते: अमुक फाइलीची बदलाची वेळ इतके सेकंद भविष्यात आहे. तो आकडा लिहून घ्या. जुन्या मेकमध्ये तो "२ई+०४" असा गोळाबेरीज छापला जातो.

आकडा १९,८०० किंवा त्याहून थोडा कमी असेल तर रोग ओळखायला वैद्य नको. १९,८०० सेकंद म्हणजे बरोबर साडेपाच तास, आणि भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स त्याच घड्याळातली वेळ यूटीसी समजून वाचतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. दुपारी दीडला विंडोज बंद करून लिनक्स चालू केलं की लिनक्सच्या मते संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

नेट असेल तर थोड्या वेळात घड्याळ सर्व्हरवरून दुरुस्त होतं. खरी गोची त्या थोड्या वेळात होते. त्या मिनिटांत तुम्ही मेक चालवलं, ऑब्जेक्ट फाइलींवर संध्याकाळी सातची वेळ पडली. मग घड्याळ दीडवर आलं. आता सातपर्यंत तुम्ही सी फाइलीत काहीही बदला, ती ऑब्जेक्टपेक्षा जुनीच दिसणार आणि मेक "अप टू डेट" म्हणत राहणार. प्रॅक्टिकल संपेपर्यंत! उलटं घडलं, म्हणजे सी फाइल भविष्यात गेली आणि ऑब्जेक्ट नंतर बनली, तर तीच फाइल दर वेळी पुन्हा कंपाइल होत राहते. त्यात चुकीचं उत्तर येत नाही, नुसता वेळ जातो.

"टाइमडेटसीटीएल" चालवा, "आरटीसी" च्या (मदरबोर्डच्या घड्याळाच्या) ओळीत कोणती वेळ दिसते ते बघा. कायमचा उपाय दोन्ही बाजूंनी करता येतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत "रिअलटाइमइजयुनिव्हर्सल" ही किंमत १ केली की विंडोजही मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीमध्ये ठेवतं. किंवा लिनक्सवर "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" द्या. दुसऱ्या उपायाला सिस्टिम नापसंती दाखवते, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत वर्षातून दोनदा त्याचा घोळ होतो. आपल्याकडे घड्याळं पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे लॅबच्या मशीनवर ॲडमिनने विंडोजला हात लावू दिला नाही तर मी बिनदिक्कत हाच मार्ग सांगतो. घड्याळ दुरुस्त झालं की भविष्यात गेलेल्या ऑब्जेक्ट उडवा. इथे क्लीन मारणं रास्त आहे.

आकडा १९,८०० शी जुळत नसेल आणि प्रत्येक मशीनवर वेगळाच येत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बघा. रात्री मेन स्विच बंद करण्याची शिस्त असलेल्या लॅबमध्ये हे सेल लवकर थकतात, कारण वीज नसताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. सेल मेला की मशीन चालू होताना मागची कुठलीतरी तारीख धरतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सेकंडहँड पीसीच्या बाबतीत तर मी हा सेल आधी बदलायला सांगतो, मेकफाइल नंतर उघडायला.

विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर तिसरा प्रकार. लोकलमध्ये लॅपटॉपचं झाकण बंद केलं, घरी येऊन उघडलं, आतल्या लिनक्सचं घड्याळ कधीकधी झाकण बंद केल्या वेळेच्या आसपासच अडकलेलं असतं. विंडोजच्या एडिटरमधून सी ड्राइव्हवर सेव्ह केलेल्या फाइली मग लिनक्सला भविष्यातल्या वाटतात. "सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस" किंवा सरळ "डब्ल्यूएसएल --शटडाउन" देऊन पुन्हा सुरू करा. कोड लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्येच ठेवलात तर हा प्रकार फारसा भेडसावत नाही, शिवाय कंपाइलही जलद होतं.

घड्याळ बरोबर असूनही वेळ फसवू शकते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये मैत्रिणीने काल रात्री दुरुस्त केलेली तिकीट.सी झिपमधून पाठवली. तुम्ही आज सकाळी स्वतःची जुनी आवृत्ती कंपाइल केली होती. दुपारी तिची फाइल झिपमधून काढून जुन्या फाइलीवर टाकली. अनझिप करताना मूळ वेळ जपली जाते, म्हणून फाइलीवर काल रात्रीची वेळ आली, आणि ऑब्जेक्ट आज सकाळची आहे. मेकच्या हिशेबात काहीच बदललं नाही. "सीपी -पी" ने कॉपी केलं तरी हेच होतं. "टच तिकीट.सी" एवढं केलं की झालं. गिटमध्ये हा त्रास नाही, कारण फाइल चेकआउट करताना गिट तिच्यावर त्या क्षणाची वेळ टाकतं. प्रोजेक्टसाठी गिट वापरा हे सांगायला एवढं कारण मला पुरतं.

पेन ड्राइव्हवरच कोड ठेवून कंपाइल करणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की फॅट फाइल सिस्टिम बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवते, आणि दोन्ही वेळा सारख्या असल्या तर मेक टार्गेट ताजं मानतं.

फ्लॅग बदलले, फाइली तशाच

कालपर्यंत -ओ२ ने कंपाइल करत होता, आज डीबगरसाठी -जी लावलं, मेक म्हणालं अप टू डेट. बरोबरच आहे, कोणतीही सी फाइल बदलली नाही. बदल मेकफाइलमध्ये केला असेल तर वरची "$(ओबीजे): मेकफाइल" ही ओळ तो पकडते. पण कमांडवरूनच "मेक सीफ्लॅग्स=-जी" दिलंत तर ती पकडू शकत नाही. आणि तसं दिलंत की मेकफाइलमधली त्याच नावाची ओळ दुर्लक्षिली जाते, म्हणजे तिच्यातलं -एमएमडी सुद्धा गेलं. हेडरचं दुखणं मागच्या दाराने परत! डीबग आणि रिलीज यांच्या ऑब्जेक्ट वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बनवणं हा यावरचा सरळ मार्ग. लिनक्स कर्नलची बिल्ड सिस्टिम याच्या पुढे जाते. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी वापरलेली अख्खी कमांड ती शेजारी .सीएमडी च्या फाइलीत नोंदवून ठेवते आणि पुढच्या वेळी ताडून बघते. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढा थाट नको.

बनवता एक, चालवता दुसरंच

प्रोग्रॅमचं नाव "टेस्ट" ठेवलंय आणि चालवताना पुढे डॉट-स्लॅश लावत नाही? मग शेलचं स्वतःचं टेस्ट चालतंय. ते काहीही छापत नाही. नाव बदला.

फोल्डरमध्ये मेकफाइल नावाच्या दोन फाइली आहेत, एक कॅपिटल एमने सुरू होणारी आणि एक छोट्या? जीएनयू मेक आधी "जीएनयूमेकफाइल" शोधतं, मग छोट्या एमची, मग कॅपिटलची. तुम्ही कॅपिटलवाली दुरुस्त करत बसला असाल आणि कुणाच्या तरी झिपमधून आलेली छोटी तिथे पडली असेल, तर तुमच्या दुरुस्त्या कुणीच वाचत नाहीये.

स्वतःची स्टॅटिक लायब्ररी जोडत असाल तर तिची .ए फाइल प्रोग्रॅमच्या टार्गेटसमोर अवलंबित्व म्हणून लिहिली आहे का? नुसतं -एल ने लिंकिंगच्या कमांडमध्ये दिली असेल तर लायब्ररी बदलल्याचं मेकला कळत नाही आणि प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीसकट फिरत राहतो.

लिंकरच्या दोन तक्रारी, ज्या याच रांगेत येतात

"अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी". मॅथ लायब्ररीचा -एलएम दिलाय, पण ऑब्जेक्टच्या आधी. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि लायब्ररीपाशी पोचेपर्यंत ज्यांची गरज नोंदली गेली तेवढंच तिच्यातून उचलतो, म्हणून लायब्ररी शेवटी. मेकमध्ये ती एलडीलिब्समध्ये जाते, एलडीफ्लॅग्समध्ये नाही, कारण अंगभूत नियमात फ्लॅग्स आधी येतात आणि लिब्स शेवटी. "काल तर -एलएम शिवाय चालत होतं" असं कुणी म्हणालं तर तेही खोटं नसतं. वर्गमूळ एखाद्या ठरलेल्या आकड्याचं काढलं असेल तर जीसीसी कंपाइल करतानाच उत्तर भरून टाकतं आणि लायब्ररी लागतच नाही. आकड्याच्या जागी व्हेरिएबल आलं की लागते.

"मल्टिपल डेफिनिशन". लॅबमध्ये चालतं, घरच्या लॅपटॉपवर नाही. हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल लिहिलंय आणि ते हेडर तीन फाइलींत इन्क्लूड होतंय. जीसीसी ९ पर्यंत अशा तिन्ही प्रती गुपचूप एक करून टाकायची. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ते डीफॉल्टने बंद झालं. लॅबच्या उबुंटू २०.०४ वर जीसीसी ९ असतं, तुमच्या २२.०४ वर ११. हेडरमध्ये "एक्स्टर्न" लावा आणि खरं व्हेरिएबल कोणत्याही एका सी फाइलीत लिहा. "-एफकॉमन" लावून जुनं वागणं परत आणता येतं, पण ते सबमिशनच्या आदल्या रात्रीपुरतंच.

टॅब

"मिसिंग सेपरेटर". कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबने हवी, तुमच्या एडिटरने तिथे स्पेस टाकल्या आहेत. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून मेकफाइल कॉपी केली की हे व्हायचंच. "कॅट -ए" ने (ए कॅपिटल) फाइल छापा: टॅब असेल तिथे कॅरेट आणि आय दिसेल. फेल्डमन यांनीच नंतर सांगितलंय की टॅबचा हा नियम घाईत ठरला होता, आणि तो खटकायला लागला तोवर दहा-बारा लोक मेक वापरायला लागले होते. त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून तो तसाच ठेवला. त्या दहा-बारा जणांच्या सोयीची किंमत जग अजून मोजतंय.

-जे लावल्यावर कधी चालतं, कधी नाही

"मेक -जे८" ने एकाच वेळी आठ कामं सुरू होतात. साध्या मेकमध्ये यादीतला क्रम नशिबाने बरोबर असतो, म्हणून राहून गेलेलं अवलंबित्व झाकलं जातं. उदाहरणार्थ, एखादं हेडर स्क्रिप्टने तयार होत असेल आणि ते कुणासमोर लिहिलेलंच नसेल. -एमएमडी इथे पहिल्या खेपेला मदत करत नाही, कारण .डी फाइल कंपाइल झाल्यावर बनते आणि हेडर त्याआधी हवं. असं स्क्रिप्टने बनणारं हेडर मात्र मेकफाइलमध्ये हातानेच लिहा, ते वापरणाऱ्या ऑब्जेक्टसमोर. -जे काढून टाकणं हा उपाय नाही. मेक ४.४ असेल तर "--शफल" देऊन बघा. ते कामांचा क्रम मुद्दाम पिसतं आणि दडलेली चूक समोर आणतं. एखाद्या क्रमाला बिल्ड फुटलं की वापरलेला सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) एररच्या ओळीत छापला जातो. तोच आकडा "--शफल=" च्या पुढे दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो, आणि दुरुस्ती लागू पडली का हे त्याच क्रमावर तपासता येतं.